झिरो फाईल्स कॉपीड

मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे, असं संपादक मंडळातल्या सीनियरने सांगितलं तेव्हा मी आधी इंग्लिश सेक्शनमध्ये जागा शिल्लक आहे का ते विचारून आले. बाबा बँकेत, दर तीन वर्षांनी बदली, त्यामुळे माझ्या शाळा सगळ्या कॉन्व्हेंट. घरी मराठीच बोलतो, पण लिहायला बसलं की शहामृगातला 'श' कुठला आणि षटकोनातला कुठला इथपासून सुरुवात! तरी हा लेख मराठीतच लिहायचं ठरवलं, कारण ज्या गोष्टीबद्दल लिहायचंय तिचे अर्धे शब्द मला इंग्लिशमध्ये कुणी सांगितलेच नाहीत. ते मला सांगलीत, काकांच्या हार्डवेअरच्या दुकानात, दिवाणजींनी शिकवले.

विषय आहे बॅकअप. थांबा, पान उलटू नका! होस्टेलवर बॅकअप म्हटलं की सगळ्यांना एकच सीन आठवतो. सबमिशनची आदली रात्र, पेनड्राइव्ह लावला की 'फॉरमॅट करायचा का?' असं विचारतोय, आणि अख्खी विंग जागी. पण त्यात जाऊन जाऊन जातं काय? चाळीस पानांचा रिपोर्ट, आणि त्यातली तीस पानं मागच्या बॅचची. दुकानाचा बॅकअप जातो तेव्हा वेगळंच काहीतरी जातं.

काकांचं दुकान म्हणजे पाइप, एल्बो, टी, सॉकेट, नळ, सिमेंट, रंग, खिळे. गिऱ्हाईक बहुतेक गवंडी, प्लंबर आणि छोटे कॉन्ट्रॅक्टर. गवंडी सकाळी येतो, माल घेतो, "मांडून ठेवा" म्हणतो आणि जातो. सही नाही, चेक नाही, काही नाही. घरमालक त्याला पैसे देईल तेव्हा तो काकांना देणार. कधी आठ दिवसांनी, कधी दिवाळीला. हे 'मांडून ठेवणं' पूर्वी वहीत व्हायचं, आता टॅलीत होतं. म्हणजे कॉम्प्युटरमधलं खातं हाच एकमेव पुरावा. ते खातं गेलं तर काय करायचं? ज्याच्याकडून पैसे यायचे त्यालाच विचारायचं, "अहो, तुमच्याकडे आमचे किती राहिलेत?" काकांच्या भाषेत सांगायचं तर यापेक्षा दुकानाला कुलूप लावलेलं बरं.

दिवाणजी आजोबांच्या वेळेपासून दुकानात आहेत. वय अडुसष्ट, म्हणजे सिक्स्टी एट (हे मी विचारून घेतलंय). रोजच्या व्यवहारांची ती रोजकीर्द, त्यातून ज्याच्या त्याच्या नावाखाली नेऊन लिहायचं ती खतावणी, सगळ्या खात्यांच्या शिलकांची बेरीज जुळते का बघायची ती तेरीज, आणि वर्षाच्या शेवटी ताळेबंद. हे शब्द ऐकून मला वाटलं, आपण 'डेटाबेस मॅनेजमेंट' दोन सेमिस्टर शिकलो, त्यात याहून वेगळं काय होतं? आणि बेरीज बरोबर आहे का हे उलट करून तपासणं, त्याला शाळेत 'ताळा करणे' म्हणतात म्हणे. दिवाणजींचं म्हणणं, "टॅली म्हणजे ताळाच की, ताई. इंग्रजांनी नाव तेवढं बदललंय." भाषाशास्त्र काय म्हणतं ते सोडा, मला पटलं.

आता जरा मागे जावं लागेल. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, २००५ च्या पुरापेक्षाही जास्त. मी तेव्हा नववीत आणि नागपूरला, त्यामुळे जे कळलं ते फोनवरून. पेठेत पाणी चढायला लागलं तसं काकांनी आणि दुकानातल्या मुलांनी आधी कॉम्प्युटर उचलून वरच्या मजल्यावर नेला. मग जमेल तेवढा माल. खालच्या कपाटातल्या वह्या राहिल्या. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तेव्हा आजोबांच्या वेळच्या, लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू लावलेल्या सगळ्या वह्यांचा एकच लगदा झाला होता. कॉम्प्युटर मात्र वर कोरडा ठणठणीत.

काकांनी यातून जो धडा घेतला तो अगदी साहजिक होता. कागद बुडतो, कॉम्प्युटर बुडत नाही! वह्या बंद. सप्टेंबरमध्ये एका कॉम्प्युटरवाल्याला बोलावून त्यांनी एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेतली आणि डेस्कटॉपवर 'बॅकअप' नावाचं एक चित्र करून घेतलं. रोज रात्री साडेआठला दुकान बंद करताना त्या चित्रावर दोनदा टिचकी मारायची. एक काळी खिडकी उघडायची, काहीतरी अक्षरं सरकायची, खिडकी बंद. झाला बॅकअप. मग उदबत्ती, मग शटर. मी सुटीत जायचे तेव्हा मला हे फार आवडायचं. इतकी शिस्त आमच्या लॅबमध्येपण नाही (सर, रागावू नका).

शनिवार, ७ जून २०२५. माझी परीक्षा नुकतीच संपली होती आणि मी सांगलीतच होते. सकाळी कॉम्प्युटर सुरू केला तर विंडोज अर्ध्यावर येऊन थांबलं. आतून आवाज येत होता, टक्... टक्... टक्. दिवाणजी म्हणाले, "पाल चुकचुकतीय." पाल नव्हती, हार्ड डिस्क होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हार्ड डिस्कमधलं हेड जागा शोधतं, सापडत नाही, परत मागे येतं, परत शोधतं. तो आवाज ऐकला की डिस्क शेवटच्या वाटेवर आहे असं समजावं.

काका निवांत. "कशाला घाबरतीस? बॅकअप हाय की!"

मी एक्स्टर्नल डिस्क माझ्या लॅपटॉपला लावली. फोल्डर होता. आत टॅलीच्या पद्धतीप्रमाणे कंपनीच्या पाच आकडी नंबरचा फोल्डर होता. फाईल्स होत्या. फक्त सगळ्यात ताज्या फाईलची तारीख होती नोव्हेंबर २०२२.

पहिल्यांदा वाटलं लॅपटॉपचं घड्याळ चुकलंय. मग डिस्कवरच ती बॅकअपची मूळ फाईल सापडली (डेस्कटॉपवर होता तो नुसता शॉर्टकट), ती नोटपॅडमध्ये उघडली. जेमतेम तीन ओळी. एक्सकॉपी नावाची जुनी कमांड, आणि तिला सांगितलेलं की सी ड्राइव्हवरच्या टॅलीच्या डेटा फोल्डरातून जी फाईल इथल्या फाईलपेक्षा नवी असेल तेवढीच कॉपी कर. हुशारीची गोष्ट आहे, रोज सगळं परत कॉपी करण्यात वेळ जात नाही. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये काकांनी टॅली ई.आर.पी. ९ सोडून टॅलीप्राइम घेतलं होतं. ते बसवायला आलेल्या दुसऱ्या माणसाने डेटा डी ड्राइव्हवर नव्या फोल्डरात हलवला. हेही बरोबरच केलं, विंडोज गेलं तरी डेटा वाचावा म्हणून. जुना फोल्डर सी ड्राइव्हवर तसाच पडून राहिला, मेलेला. आणि रोज रात्री साडेआठला ती काळी खिडकी उघडायची, मेलेल्या फोल्डरात जाऊन बघायची, नवीन काही नाही म्हणून परत यायची, आणि बंद होण्याआधी प्रामाणिकपणे एक ओळ लिहून जायची. झिरो फाईल्स कॉपीड.

एकतीस महिने. आठवड्याची सुटी सोडली तर सुमारे आठशे रात्री!

काकांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे ते आम्हाला रोज सांगत हुतं?"

"हो काका. पण एकच सेकंद."

त्या फाईलच्या शेवटी 'पॉज' एवढा एक शब्द असता तर खिडकी थांबली असती, कुणीतरी ती ओळ वाचली असती. २०१९ मध्ये ज्याने फाईल केली त्याची चूक नाही, ती तेव्हा बरोबर होती. २०२२ मध्ये ज्याने डेटा हलवला त्याचीही नाही, त्याला ही फाईल आहे हेच कुणी सांगितलं नव्हतं. दोघं कधी भेटलेच नाहीत. आपल्याला सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगमध्ये 'चेंज मॅनेजमेंट' म्हणून एक चॅप्टर आहे, आठ मार्कांना हमखास येतो, सगळे पाठ करतात. मला तो त्या दिवशी समजला.

तुम्ही म्हणाल, सांगलीतलं छोटं दुकान, असं व्हायचंच. मुळीच नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबसारख्या कंपनीत हेच झालं. रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर मुख्य डेटाबेसचा फोल्डर उडवला. बॅकअपच्या आणि कॉपीच्या मिळून पाच पद्धती होत्या, त्यातली एकही वेळेवर उपयोगी पडली नाही. रोजचा डेटाबेस बॅकअप तर होतच नव्हता, कारण बॅकअप घेणारा प्रोग्रॅम एका व्हर्जनचा आणि डेटाबेस दुसऱ्या. तो रोज अपयशी व्हायचा आणि तसा ईमेलही पाठवायचा, पण ते ईमेल वाटेतच नाकारले जात होते. म्हणजे इथेही ओरडणारा ओरडत होता, ऐकणारं कुणी नव्हतं. शेवटी एका इंजिनिअरने टेस्टिंगसाठी सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत सापडली आणि त्यावर निभावलं. सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. गिटलॅबचं कौतुक एवढंच की त्यांनी काही लपवलं नाही, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं आणि नंतर सगळं सविस्तर लिहून काढलं. होस्टेलच्या वायफायवर तो रिपोर्ट जरूर वाचा, मालिकांपेक्षा रंजक आहे.

तर, दुकान. मे महिन्याचा जीएसटीआर-१ भरायची शेवटची तारीख ११ जून. हातात चार दिवस. आपण उशीर केला तर आपल्याला लेट फी बसते एवढंच नाही. ज्या कॉन्ट्रॅक्टरांनी आपल्याकडून बिलावर माल घेतला त्यांच्या १४ तारखेच्या जीएसटीआर-२बीमध्ये आपली बिलं दिसत नाहीत आणि त्यांचं क्रेडिट अडकतं. मग ते पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जातात.

शेजारचा एक कॉम्प्युटरवाला येऊन म्हणाला, चेक डिस्क मारून बघू. मी नको म्हटलं. चेक डिस्क बिघडलेल्या डिस्कवर लिहायला जातं, आणि मरणाऱ्या डिस्कवर लिहिणं म्हणजे उरलंसुरलं घालवणं. मग माझ्या रूममेटला फोन लावला. ती ई अँड टीसीची, तिच्याकडे प्रत्येक आजारावर लिनक्सचा एक पेनड्राइव्ह असतो. तिने सांगितलं ते मी इथे मुद्दाम लिहिते, कुणाला तरी उपयोग होईल. डिस्क परत परत सुरू करून बघायची नाही. ती काढून दुसऱ्या मशीनला जोडायची, लिनक्सवरून बूट करायचं आणि डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम चालवायचा. तो अडकत बसत नाही. वाचता येतं तेवढं आधी भराभर उचलतो, खराब जागा एका नकाशात टिपून पुढे जातो आणि शेवटी त्या जागांकडे परत वळतो. मध्येच वीज गेली तरी नकाशा असल्यामुळे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नाही. काकांनी नवी एक टीबीची डिस्क आणली, आम्ही जुनी ५०० जीबीची डिस्क टेबलफॅनसमोर ठेवली आणि रात्री नऊला सुरू केलं.

मी जागी राहणार होते, पण दिवाणजी आधीच खुर्ची टाकून बसले होते. त्यांना स्क्रीनवरचं एक अक्षर कळत नव्हतं. तरी दर थोड्या वेळाने विचारायचे, "किती उतरलं?" कॉपीला ते 'उतरवणं' म्हणतात. वहीवरून वही उतरवतात तसं.

सकाळी हिशेब आला. ५०० जीबीपैकी अडीच एमबी सोडून सगळं उतरलं. अडीच एमबी! मी नाचायचीच बाकी होते. पण अडीच एमबी कुठले? अर्थातच टॅलीच्या त्याच फोल्डरातले, कारण रोज लिहिलं जायचं ते तिथेच.

इथे एक गोष्ट पाळली आणि ती फार उपयोगी पडली. वाचवलेल्या डेटावर लगेच काही करायचं नाही, त्याची आणखी एक प्रत काढायची आणि जे काय प्रयोग करायचे ते त्या दुसऱ्या प्रतीवर. काकांचं लायसन्स माझ्या लॅपटॉपवर घेतलं, प्रत उघडली, एरर आली. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट-वाय दाबलं की डेटाच्या मेनूमध्ये रिपेअर असतं (ई.आर.पी. ९ मध्ये त्याला रिराइट म्हणत), ते चालवलं. रिपेअर म्हणजे जादू नव्हे. ज्या व्हाउचरची फाईल फाटली आहे ते व्हाउचर टाकून देऊन बाकीचं परत शिवणं, एवढंच ते करू शकतं. त्यामुळे कंपनी उघडली म्हणून उड्या न मारता स्टॅटिस्टिक्सचा रिपोर्ट काढायचा. त्यात कुठल्या प्रकारची किती व्हाउचर आहेत ते दिसतं. मग डे बुक तारीखवार बघत गेलो. २४ मे पर्यंत सगळं ठीक. २६ मे ते ६ जून या बारा दिवसांचं जवळपास काहीच नाही.

एकतीस महिन्यांवरून बारा दिवसांवर आलो होतो. काकांनी सगळ्यांना चहा सांगितला. दिवाणजी म्हणाले, "बारा दिवस म्हणजे थोडं नव्हे."

ते खरंच होतं. मेचा शेवटचा आठवडा म्हणजे पावसाआधी लोक पत्रे, पाइप, वॉटरप्रूफिंग उरकून घेतात तो काळ. बिलावर झालेल्या विक्रीची दुसरी प्रत फाईलला होती. खरेदीची बिलं होती. बँकेचं स्टेटमेंट काढलं, यूपीआयने आलेले पैसे त्यात सापडले. रविवार आणि सोमवार यात गेले. राहिली ती उधारी आणि रोख जमा. 'मांडून ठेवा' वाली. माल काढून देणारी मुलं चिठ्ठ्या लिहून काउंटरवरच्या तारेला टोचतात, रात्री त्या टॅलीत चढल्या की फेकून देतात. चिठ्ठ्या गेलेल्या होत्या.

तेव्हा दिवाणजींनी त्यांच्या पिशवीतून एक दोनशे पानी वही काढली. कच्ची वही. पुरानंतर वह्या बंद झाल्या तरी हे आपल्या पैशाने वही आणून, संध्याकाळी घरी जायच्या आधी, पेन्सिलीने दिवसाची उधारी आणि जमा टिपून ठेवायचे. काकांना माहीत होतं. काका त्यावरून त्यांची थट्टाही करायचे. मी काकांकडे बघितलं, ते रंगाच्या डब्यांकडे बघत होते.

सोमवारी रात्री आणि मंगळवारी आम्ही ती वही टॅलीत चढवली. ते वाचायचे, मी टाइप करायची. आता तुम्हीच विचार करा, कॉन्व्हेंटच्या मुलीला दिवाणजी आकडे सांगतायत. "ताई, लिहा. पाच हजार आठशे एकोणसाठ."

"दिवाणजी, फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन?"

"साठाला एक कमी, ताई."

"आणि सत्तराला एक कमी?"

"एकोणसत्तर."

मग मीच नियम केला. प्रत्येक आकडा मी इंग्लिशमध्ये परत म्हणायचा, त्यांनी वहीत बघून मान हलवायची. दिवाणजींना इंग्लिश आकडे बँकेमुळे येतात. दोन भाषांतून गेलेला आकडा चुकत नाही! मंगळवारी वटपौर्णिमा होती. काकू पूजेहून आल्या तेव्हाही आमचं 'सेव्हन्टी टू', 'बहात्तर, बरोबर' चालूच होतं. त्यांना वाटलं मी पाढे शिकतेय.

वही संपूर्ण नव्हती. दिवाणजी ३० आणि ३१ मे ला एका लग्नासाठी जतला गेले होते, ते दोन दिवस कोरे. त्या दोन दिवसांतली उधारी मुलांच्या आठवणीवर आणि मालाच्या मोजणीवर बसवली. बसवून बसवून १८,४०० रुपयांच्या मालाचा पत्ता लागला नाही. तेवढी रक्कम सस्पेन्स खात्यात टाकली. मे महिन्याचा रिटर्न १० तारखेला रात्री साडेअकराला गेला. पोर्टल त्या वेळी चाललं याबद्दल ज्यांचे आभार मानायचे त्यांचे मानते.

ही बातमी पेठेत पसरायला एक दिवस पुरला. मग काय, शेजारचे दुकानदार आपापले पेनड्राइव्ह घेऊन यायला लागले. "पोरी, आमचं पण बघ की जरा." आठवडाभर मी बॅकअपची डॉक्टर! एकाचा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह रस्त्यावरून स्वस्तात घेतलेला. फाईल चढायची, यादीत दिसायची, उघडायची मात्र नाही. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा छोटा प्रोग्रॅम पूर्ण पेनड्राइव्ह भरून परत वाचून बघतो. त्याने सांगितलं, खरी जागा आठ जीबी. आतल्या चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं; आठच्या पुढचं सगळं हवेत. दुसऱ्याचा पेनड्राइव्ह खरा होता पण फॅट-३२ फॉरमॅटचा, आणि त्यात चार जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावतच नाही. सगळ्या वर्षांची मिळून एक झिप करायचे, ती अर्ध्यात मोडायची. तिसऱ्याकडे विंडोजचं रॅन्समवेअरविरुद्धचं संरक्षण चालू होतं, ते कुठल्याही अनोळखी प्रोग्रॅमला फोल्डरात लिहूच देत नव्हतं. आणि एक आजोबा आले, त्यांचा बॅकअप अगदी उत्तम, ताजा, तीन ठिकाणी ठेवलेला. फक्त कंपनीला टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड होता आणि तो ज्या मुलाला माहीत होता तो नोकरी सोडून गेलेला. टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड विसरला की तो परत मिळत नाही, कुणालाच. सुदैवाने मुलाने फोन उचलला.

या सगळ्यांत मला एक गंमत दिसली. प्रत्येक जण 'बॅकअप घेता का?' याला 'हो' म्हणाला आणि खरं बोलला. 'त्यातून परत उघडून बघितलंय का?' याला एकानेही हो म्हटलं नाही. सीजीएसटीच्या २०१७ च्या नियमांत नियम ५७ आहे, तो मी नंतर वाचला. त्यात नुसता बॅकअप ठेवा असं नाही. अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तर वाजवी वेळात त्या परत उभ्या करता आल्या पाहिजेत, असा ठेवा असं आहे. आणि हिशेबाची पुस्तकं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायची. सरकारी नियम लिहिणाऱ्याने कधीतरी नक्की मार खाल्ला असणार!

दुकानात आता काय चालतं ते सांगते. रोजची प्रत तारखेच्या नावाच्या वेगळ्या फोल्डरात जाते, कालच्यावर आजची बसत नाही. काळी खिडकी एंटर दाबल्याशिवाय बंद होत नाही आणि किती फाईल्स उतरल्या तो आकडा दिवाणजी रोज वहीत लिहितात. डिस्क दोन केल्या आहेत. एक दुकानात, दुसरी काकांच्या विश्रामबागच्या घरी, शनिवारी अदलाबदल. २०१९ चा विचार केला तर डिस्क कॉम्प्युटरच्याच टेबलावर ठेवणं म्हणजे वह्या खालच्या कपाटात ठेवण्यासारखंच होतं. काकांना हे मी सांगावं लागलं नाही, त्यांनीच काढलं.

आणि महिन्यातून एकदा दिवाणजी काकूंच्या जुन्या लॅपटॉपवर तो बॅकअप परत उघडतात. त्या लॅपटॉपवर टॅली लायसन्सशिवाय, एज्युकेशनल मोडमध्ये आहे. त्यात एन्ट्री फक्त १, २ आणि ३१ तारखेची करता येते, पण आम्हाला एन्ट्री करायचीच नाही, बघायचंय. तेरीज काढायची, तिची बेरीज आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवरच्या तेरजेची बेरीज शेजारी शेजारी लिहायची. पहिल्या वेळी त्यांना दीड तास लागला. आता वीस मिनिटं. टचपॅड त्यांना अजून आवडत नाही.

वही काकांनी आता दुकानाच्या खर्चातून आणून दिली आहे. या वर्षी लक्ष्मीपूजनाला लॅपटॉपशेजारी तीही होती, काकूंनी फोटो पाठवला. थट्टा बंद झाली असं मात्र नाही. काका त्यांना आता 'सर्व्हर' म्हणतात. "आमचा सर्व्हर आज जतला गेलाय, उद्या या."

ऑगस्टमध्ये एक गवंडी दुकानात आला आणि म्हणाला, पावसाच्या आधी पाइप नेले होते, तुम्ही मागितले नाहीत, मला वाटलं विसरलात. २,३०० रुपये ठेवून गेला. सस्पेन्स खात्यात आता १६,१०० आहेत. कुणाचे ते माहीत नाही. काका म्हणतात येतील हळूहळू, दिवाणजी म्हणतात मार्चला उडवून टाकू.

तेरजेच्या दोन आकड्यांचा फोटो दिवाणजी दर महिन्याला पहिल्या शनिवारी मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. खाली पेन्सिलीने 'ताळा जमला' असं लिहिलेलं असतं. या महिन्याचा अजून आलेला नाही. मेस सुटली की फोन लावते.